बिबट्या पालीचे घर

(प्राणी पाळणे म्हणजे त्याला पेटीत बंद करून ठेवणे नव्हे. पाळलेल्या प्राण्याला स्वतःचे घर स्वतः निवडता येत नाही, म्हणून ते विचारपूर्वक तयार करून देणे हे पाळणाऱ्याचे काम असते. एका लहानशा पालीसाठी असे घर कसे तयार करतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, पाल तुम्हां सर्वांच्या परिचयाची आहे. घरी तुम्ही तिला छिपकली म्हणता. संध्याकाळी दिवा लागला, की ती भिंतीवर येते, किडे टिपते आणि मधूनच चुकचुकते. तिला पाहून कोणी किंचाळते, तर कोणी झाडू घेऊन धावते. पण जगात अशीही एक पाल आहे, जिला लोक हौसेने घरात आणतात, तिच्यासाठी काचेची पेटी सजवतात आणि तिची पंधरा-वीस वर्षे काळजी घेतात. तिचे नाव बिबट्या पाल. इंग्रजीत तिला 'लेपर्ड गेको' म्हणतात. गेको हे पालींच्या एका मोठ्या गटाचे नाव आहे. हिच्या पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके असतात, म्हणून तिला हे नाव मिळाले. पिल्लांच्या अंगावर मात्र ठिपके नसून रुंद पट्टे असतात. पिल्लू मोठे होते, तसे पट्टे तुटत जातात आणि त्यांचे ठिपके होतात.

ही पाल आपल्या घरातल्या पालीपेक्षा बरीच वेगळी आहे. घरातल्या पालीच्या बोटांखाली बारीक घड्या असतात, त्यांमुळे ती गुळगुळीत भिंतीवरही चढते. बिबट्या पालीच्या बोटांना तशा घड्या नसतात, फक्त नखे असतात. म्हणून तिला काचेवर चढता येत नाही. ती जमिनीवर चालणारी पाल आहे. दुसरा फरक डोळ्यांचा. बहुतेक गेकोंना हलणाऱ्या पापण्या नसतात. ते जिभेने डोळे पुसतात. बिबट्या पाल मात्र पापण्या मिटून झोपते. तिसरी गोष्ट तिची शेपटी. शेपटी जाड व मांसल असते. उंट जशी वशिंडात चरबी साठवतो, तशी ही पाल शेपटीत साठवते. अन्न मिळाले नाही, तर त्या चरबीवर ती अनेक दिवस काढू शकते. शेपटीकडे पाहून ती सुदृढ आहे की उपाशी, हे ओळखता येते. पूर्ण वाढलेली पाल शेपटीसह साधारण २० ते २५ सेंटिमीटर लांब असते.

या पालीसाठी घर तयार करायचे, तर आधी तिचे मूळ घर पाहिले पाहिजे. अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि त्यांच्या आसपासचा कोरडा, खडकाळ प्रदेश हे तिचे वतन. एडवर्ड ब्लिथ नावाचे प्राणिशास्त्रज्ञ कोलकात्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे काम पाहत असत. पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेत सापडलेल्या पालीचे वर्णन त्यांनी १८५४ साली प्रसिद्ध केले. ही डोंगररांग आज पाकिस्तानात आहे.

त्या प्रदेशात उन्हाळ्याच्या दुपारी दगड तापतात आणि हिवाळ्यात रात्री कडाक्याची थंडी पडते. तिथे ही पाल कशी राहते? दिवसा ती खडकाच्या फटीत किंवा बिळात शिरून बसते. सूर्य मावळला, की बाहेर येते. दगड तेव्हाही ऊबदार असतात. त्यांवर पोट टेकवून ती शरीर गरम करते आणि मग शिकारीला निघते. फार गरम झाले, तर ती खोल बिळात जाते. बिळाच्या आतल्या भागात थोडा ओलावा असतो. कात टाकताना तिला त्याचा उपयोग होतो.

ऊब हवी तेव्हा ऊब, गारवा हवा तेव्हा गारवा आणि लपावेसे वाटले तर अंधारी फट असे सगळे तिला रानात चार पावलांवर मिळते. काचेच्या पेटीत ठेवलेल्या पालीला यांतले काहीच आपोआप मिळत नाही. आपण जे देऊ, तेवढेच तिचे जग. म्हणून चांगले घर म्हणजे ज्यात पालीला निवड करता येते असे घर, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढची सगळी तयारी याच एका विचारातून समजते.

आज अमेरिका, इंग्लंड, जर्मनी अशा देशांत पाळीव बिबट्या पाली मोठ्या संख्येने आहेत. त्यांतील बहुतेक रानातून पकडलेल्या नसून माणसाकडेच अंड्यांतून जन्मलेल्या असतात. अनेक पिढ्या त्या माणसाजवळ राहिल्या आहेत.

आता समजा, तुमची खाला इंग्लंडमध्ये राहते. तिची मुलगी तुमच्याच वयाची, तेरा-चौदा वर्षांची आहे. तिला बिबट्या पाल पाळायची आहे. ती तुम्हांला विचारते, "मी काय काय तयारी करू?" तुम्ही तिला काय सांगाल?

पहिली गोष्ट ही, की ती एकटी दुकानात जाऊन पाल विकत घेऊ शकणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ साली प्राणी कल्याण कायदा झाला. त्या कायद्यानुसार १६ वर्षांखालील मुलाला प्राणी विकता येत नाही. प्राण्याची जबाबदारी घरातल्या मोठ्या माणसाची असते. म्हणून खालाजान आणि खालूजान यांची मनापासून संमती हवी. प्राण्याच्या पाच गरजा पूर्ण करणे हे पाळणाऱ्याचे कर्तव्य आहे, असेही तो कायदा सांगतो. योग्य जागा, योग्य आहार, स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक, सोबत किंवा एकांत यांपैकी जे हवे ते, आणि दुखापत, वेदना व रोग यांपासून रक्षण, या त्या पाच गरजा होत.

दुसरी गोष्ट : आधी घर, मग पाल. पुष्कळ लोक उलट करतात. पाल घेऊन येतात आणि मग दिवा शोधू लागतात. तोपर्यंत ती थंडीने गारठून कोपऱ्यात पडलेली असते. म्हणून तुमच्या बहिणीला सांगा, की पाल येण्याच्या आधी निदान एक आठवडा घर तयार असावे.

घरासाठी काचेची किंवा लाकडाची, पुढून उघडणारी पेटी घ्यावी. एका मोठ्या पालीसाठी ९० सेंटिमीटर लांब, ४५ सेंटिमीटर रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच पेटी चांगली. लहान पेटीत ऊबदार आणि गार असे दोन भाग वेगळे राहत नाहीत. सगळी पेटी एकसारखी तापते आणि पालीला निवड उरत नाही. पेटीला हवा जाण्यासाठी जाळी असावी व दार घट्ट बसावे. पेटी खिडकीजवळ ठेवू नये. ऊन थेट काचेवर पडले, तर आतली हवा भराभर तापते आणि पाल मरू शकते. स्वयंपाकघर, सतत मोठा आवाज होणारी खोली आणि दाराजवळची वाऱ्याची जागाही टाळावी.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे ऊब. माणसाचे शरीर आतून उष्णता तयार करते. पालीचे तसे नाही. तिच्या शरीराचे तापमान बाहेरच्या तापमानावर अवलंबून असते. ऊब मिळाली नाही, तर तिने खाल्लेले अन्नसुद्धा पचत नाही. पोट भरलेले असूनही ती आजारी पडते. म्हणून पेटीच्या एका टोकाला वर उष्णता देणारा दिवा बसवावा आणि त्याच्याखाली एक सपाट दगड ठेवावा. त्या दगडाचे तापमान ३१ ते ३३ अंश सेल्सियस असावे. पेटीच्या दुसऱ्या टोकाला मात्र २४ ते २६ अंशच असावे. रात्री दिवा बंद केल्यावर तापमान थोडे उतरले तरी चालते, कारण रानातही रात्र गार असते. पण इंग्लंडच्या हिवाळ्यात खोली फारच थंड होते. अशा वेळी उजेड न देणारे उष्णतेचे साधन रात्रीही चालू ठेवावे लागते.

दिव्याला दोन गोष्टी जोडायलाच हव्यात. एक म्हणजे तारेची जाळी. पाल दिव्याला चिकटली, तर तिची कातडी भाजते. दुसरी म्हणजे थर्मोस्टॅट. हे यंत्र ठरवलेले तापमान झाले की उष्णता कमी करते आणि तापमान उतरले की पुन्हा वाढवते. थर्मोस्टॅटशिवाय दिवा लावणे म्हणजे चूल पेटवून निघून जाण्यासारखे आहे. दोन्ही टोकांना एकेक तापमापक ठेवावा. हात लावून "ठीक वाटते" असे म्हणू नये. आपल्या हाताला जे कोमट वाटते, ते पालीला जास्त किंवा कमी असू शकते.

चार-सहा अंशांनी काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. त्यासाठी एक नवलाची गोष्ट ऐका. या पालीची अंडी सुमारे २६ अंशांत उबवली, तर त्यांतून बहुतेक माद्या निघतात. सुमारे ३२ अंशांत बहुतेक नर निघतात. तापमान ३४-३५ अंशांपर्यंत नेले, तर पुन्हा बहुतेक माद्याच निघतात. ज्या प्राण्याचे नर किंवा मादी होणे थोड्याशा उष्णतेवर ठरते, त्याच्यासाठी चार अंश ही किरकोळ बाब नाही.

यानंतर जमीन. ही पाल वाळवंटात राहते असे समजून दुकानात तिच्यासाठी रंगीत वाळू विकतात. पण तिच्या मूळ प्रदेशातील जमीन म्हणजे सैल वाळूचे ढीग नव्हेत. ती घट्ट माती, खडे आणि खडक यांची असते. पाल किडा पकडते, तेव्हा सैल वाळूही तिच्या तोंडात जाते. पिल्लांच्या आणि अशक्त पालींच्या आतड्यांत ती साठू शकते आणि आतडे बंद होते. म्हणून सुरुवातीला साधा कागदी टॉवेल पसरावा. तो स्वस्त असतो आणि रोज बदलता येतो. त्यावर विष्ठा नीट दिसते, त्यामुळे पालीचे पोट बरे आहे की नाही, तेही कळते. पुढे सपाट फरशी बसवावी किंवा माती व वाळू एकत्र करून ती घट्ट दाबून घालावी. बिबट्या पाल बहुधा एकाच कोपऱ्यात विष्ठा करते, त्यामुळे सफाई सोपी जाते.

मग लपण्याच्या जागा. एक पुरत नाही, तीन हव्यात. एक ऊबदार टोकाला, एक गार टोकाला आणि एक मध्ये. असे का? समजा, लपायची जागा फक्त गार टोकालाच आहे. पालीला ऊब हवी आहे, पण उघड्यावर बसायची भीती वाटते. मग ती भीतीमुळे गारच राहील आणि तिचे अन्न पचणार नाही. दोन्ही टोकांना आडोसा असेल, तर तिला भीती आणि ऊब यांतून एकाची निवड करावी लागत नाही. मधली जागा ओलसर असावी. झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्याला दार पाडावे आणि आत ओले शेवाळ किंवा ओला कागद ठेवावा. कात टाकायच्या वेळी पाल फिकट, राखाडी दिसू लागते आणि या डब्यात जाऊन बसते. ओलाव्याने जुनी कातडी सहज सुटते आणि ती ती खाऊनही टाकते. ओलावा मिळाला नाही, तर बोटांभोवती कातडीची कडी तशीच राहते. ती सुकून आवळते, बोटाचे रक्त थांबते आणि बोट गळून पडते. एक साधा डबा तिची बोटे वाचवतो.

पालीला उजेडही हवा. ती रात्री फिरणारी असल्यामुळे तिला सूर्यप्रकाशाची गरज नाही, असे पूर्वी पुष्कळ जण मानत. आता अनुभवी पाळणारे सौम्य अतिनील किरण देणारी नळी दिवसा दहा-बारा तास लावण्याचा सल्ला देतात. या किरणांमुळे शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि हाडांना कॅल्शियम मिळते. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग होत नाही, कारण साधी काच हे किरण अडवते. गार टोकाला पाण्याची उथळ वाटी ठेवावी आणि तिच्यातले पाणी रोज बदलावे.

घर तयार झाले. आता आठ दिवस ते रिकामेच चालवून पाहावे. सकाळ, दुपार, रात्री दोन्ही तापमापक वाचावेत आणि वहीत आकडे लिहावेत. आकडे स्थिर राहिले, तरच पाल आणावी. हे आठ दिवस मुलांना फार लांब वाटतात. पण रिकाम्या पेटीत झालेली चूक सुधारता येते. पाल आत असताना झालेली चूक तिला सोसावी लागते.

आहाराबद्दलही तुमच्या बहिणीला आधीच सांगा. बिबट्या पाल पाला-भाजी खात नाही. ती जिवंत किडे खाते. रातकिडे, टोळ, पाळीव झुरळे, पिठातल्या अळ्या हे तिचे अन्न. घरातल्या कोणाला याची किळस येत असेल, तर पाल आणण्याआधीच ते बोललेले बरे. किडा पालीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नसावा. किड्यांना आदल्या दिवशी गाजर व पालेभाजी खायला द्यावी, म्हणजे ते पौष्टिक होतात. देताना त्यांच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरावी. कॅल्शियम कमी पडले, तर पालीची हाडे मऊ होतात, पाय वाकतात आणि तिला चालता येत नाही. पिल्लाला रोज आणि मोठ्या पालीला आठवड्यातून दोन-तीन वेळा खाऊ घालावे. बागेतून किडे धरून देऊ नयेत. त्यांच्यावर कीटकनाशक पडलेले असू शकते. काजवा तर कधीच देऊ नये. काही काजव्यांच्या अंगात विष असते आणि ते खाऊन पाळीव सरडे मेल्याच्या नोंदी आहेत.

एका पेटीत एकच पाल ठेवावी. "एकटीला करमणार नाही" असे आपल्याला वाटते, पण तो आपला स्वभाव झाला, तिचा नव्हे. दोन नर एकत्र ठेवले, तर ते एकमेकांना जखमी करतात. दोन माद्यांतही एक दुसरीला ऊब आणि अन्न मिळू देत नाही.

पाल घरी आल्यावर पहिले आठ-दहा दिवस तिला हात लावू नये. ती लपून बसेल. कदाचित एक-दोन दिवस खाणारही नाही. नव्या जागेत असे होतेच. पाणी बदलावे, अन्न ठेवावे आणि दुरून पाहावे. पुढे सवय झाल्यावर तळहात जमिनीवर टेकवून ठेवावा आणि तिला स्वतःहून चढू द्यावे. शेपटी कधीही पकडू नये. घाबरली, तर ती शेपटी तोडून टाकते. नवी शेपटी येते, पण ती आखूड व गोलसर असते. शिवाय साठवलेली सगळी चरबी जुन्या शेपटीबरोबर जाते. पालीला किंवा तिच्या पेटीला हात लावल्यावर साबणाने हात धुवावेत. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांच्यामुळे माणसाला जुलाब व ताप येतो. लहान बाळाला तर ते फार घातक ठरतात. पालीची शेपटी बारीक होऊ लागली, तिने बरेच दिवस अन्न सोडले किंवा तिचे पाय थरथरू लागले, तर लगेच प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्यावे.

आणि आता शेवटचा, सर्वांत अवघड प्रश्न तिला विचारा. ही पाल पंधरा-वीस वर्षे जगते. आज तू चौदा वर्षांची आहेस. तू कॉलेजात जाशील, कदाचित दुसऱ्या शहरात नोकरी करशील, तेव्हा तिला किडे कोण देईल? दिव्याचे बिल कोण भरेल? या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे आणि तिच्या आई-वडिलांकडे असेल, तर तिने पाल जरूर आणावी. उत्तर नसेल, तर अजून थांबावे. थांबणे हीसुद्धा प्राण्यावरची माया आहे.

मुलांनो, आता आपल्याकडे वळू या. बिबट्या पालीच्या बहिणी आपल्या महाराष्ट्रातही राहतात, हे तुम्हांला माहीत आहे का? पश्चिम भारतात, गुजरात आणि महाराष्ट्रातील कोरड्या, खडकाळ भागांत तिची एक जात आढळते. सातपुड्याच्या डोंगरातील बिबट्या पाल ही वेगळीच जात आहे, असे शास्त्रज्ञांनी २०१४ साली दाखवून दिले आणि तिच्या शास्त्रीय नावातच सातपुड्याचे नाव घातले. या पाली रात्री शेताच्या बांधावर, दगडांच्या राशीत, कधी रस्त्यावर दिसतात. दुर्दैवाने लोक त्यांना विषारी समजून दगडाने ठेचतात. खरे तर जगातील कोणताही गेको विषारी नाही. उलट किडे खाऊन त्या शेतकऱ्याला मदतच करतात. काही ठिकाणी अफवाही त्यांच्या जिवावर उठतात. पाकिस्तानच्या काही भागांत या पालीपासून मौल्यवान औषध बनते अशी खोटी बातमी पसरली आणि लोकांनी तिला शोधून शोधून पकडले.

म्हणून असे करा. डोंगरात किंवा शेतात अशी पाल दिसली, तर तिला मारू नका आणि पकडून घरीही आणू नका. आपल्या देशात १९७२ सालच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित वन्य प्राणी पकडणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा आहे. ती घरात शिरली असेल, तर वडीलधाऱ्यांना सांगा आणि वनखात्याला किंवा प्राणिमित्रांना कळवा.

इंग्लंडमधल्या त्या पेटीसाठी दिवा, थर्मोस्टॅट, फरशी, तीन आडोसे आणि ओल्या शेवाळाचा डबा एवढी तयारी करावी लागली. आपल्या डोंगरातल्या पालीला हे सर्व आधीच मिळालेले आहे. तापलेला दगड तिची ऊब आहे, दगडाखालची फट तिचा आडोसा आहे आणि बिळातली ओल तिचा डबा आहे. पुढच्या वेळी डोंगरावर फिरायला गेलात आणि गंमत म्हणून एखादा दगड उलटलात, तर तो पुन्हा हळूच होता तसा ठेवा. त्याच्याखाली कोणाचे तरी घर असू शकते.

शब्दार्थ

वतन – मूळ प्रदेश
वशिंड – उंटाच्या किंवा बैलाच्या पाठीवरचा उंचवटा, कोहान
सुदृढ – निरोगी, तंदुरुस्त
ऊब – हलकी उष्णता, गरमाहट
आडोसा – लपण्याची जागा, आड
कात टाकणे – जुनी कातडी सोडणे
उथळ – खोल नसलेली
संमती – परवानगी, रजामंदी
कर्तव्य – फर्ज
किळस – घृणा
अफवा – खोटी पसरलेली बातमी
बांध – शेताची मातीची कड, मेंड
जिवावर उठणे – जीव घ्यायला तयार होणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) बिबट्या पालीला हे नाव का मिळाले?
(आ) बिबट्या पाल शेपटीत काय साठवते?
(इ) एडवर्ड ब्लिथ यांनी या पालीचे वर्णन कोणत्या साली प्रसिद्ध केले?
(ई) थर्मोस्टॅटचे काम कोणते?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) बिबट्या पालीला काचेवर चढता येत नाही.
(आ) पालीच्या पेटीत लपण्याच्या तीन जागा असाव्यात.
(इ) पाल आणण्याआधी पेटी आठ दिवस रिकामी चालवून पाहावी.
(ई) खिडकीच्या काचेतून येणारे ऊन पालीच्या हाडांना उपयोगी पडत नाही.

प्रश्न ३. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) "चांगले घर म्हणजे ज्यात पालीला निवड करता येते असे घर." हे वाक्य पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) "थांबणे हीसुद्धा प्राण्यावरची माया आहे," असे लेखक का म्हणतात? तुम्हांला ते पटते का?

प्रश्न ४. विरुद्धार्थी शब्द लिहा.
ऊबदार, ओला, घट्ट, उथळ, स्वस्त

प्रश्न ५. पुढील वाक्ये वाचा. 'नये' हे क्रियापद वापरून अशी तीन वाक्ये स्वतः तयार करा.
(अ) पेटी खिडकीजवळ ठेवू नये.
(आ) शेपटी कधीही पकडू नये.

उपक्रम : तुमच्या शाळेच्या आवारात उन्हातला एक दगड आणि सावलीतला एक दगड निवडा. सकाळी, दुपारी व शाळा सुटताना दोन्हींजवळ तापमापक ठेवून आकडे वहीत लिहा. मुंगी, सरडा, खार असे प्राणी कोणत्या वेळी कोठे दिसले, तेही लिहा. आपली नोंद वर्गात मराठीत वाचून दाखवा.